नवं खिशातलं पिस्तूल रुळवताना: पन्नास काडतुसांत काय काय पाहायचं

ग्वाल्हेरात पिस्तुलाच्या परवान्यासाठी काय काय लागतं, हे शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या कुठल्याही गल्लीत विचारा, तोंडपाठ सांगतील. अर्ज, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी, कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या. पिस्तूल हातात पडल्यावर मात्र कुणी काही सांगत नाही. दुकानदार डबा पुढे सरकवतो, रजिस्टरवर सही घेतो आणि ते पिस्तूल घरी येऊन कपाटात बसतं. कारखान्यात लावलेलं ग्रीस तसंच, मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, भरलेलं, एकही गोळी झाडलेली नाही. वेळ आलीच तर ते चालेल, असं गृहीत धरलेलं असतं.

छोट्या पिस्तुलाच्या बाबतीत हे गृहीतक धोक्याचं आहे. मोठं पिस्तूल बरंच काही पोटात घालतं, छोटं घालत नाही. का, ते पुढे येईलच.

परदेशी सल्ला असा असतो की नवं पिस्तूल घेतलं की दोनशे-तीनशे गोळ्या झाडा, ते आपोआप रुळेल. आपल्याकडे ते जमण्यासारखं नाही. परवान्यावर काडतुसांचे दोन आकडे लिहिलेले असतात: एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षभरात किती घ्यायची. शिवाय काडतूस स्वस्त नाही. त्यामुळे आपल्याला उलटा हिशेब करावा लागतो. रुळवण्याचं बहुतेक काम टेबलावर, एकही गोळी न झाडता करायचं आणि काडतुसं फक्त तपासणीसाठी खर्च करायची. नीट लक्ष देऊन झाडलेली पन्नास काडतुसं पुरतात.

आधी बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा, घोळ मिटवू. आपल्याकडे लोक सरसकट 'बत्तीस बोअर' म्हणतात, पण त्यात दोन वेगळी काडतुसं येतात. पिस्तुलाचं .३२ एसीपी, म्हणजे ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग. त्याची पुंगळी, म्हणजे गोळी धरणारं धातूचं नळकांडं, सुमारे १७ मिलिमीटर लांब आणि गोळी साधारण ४.६ ग्रॅमची. रिव्हॉल्व्हरचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. त्याची पुंगळी २३ मिलिमीटरच्या वर आणि बुडाला ठसठशीत कडा. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात कधीकधी शिरतं, म्हणून काही जण ते वापरूनही बघतात. हे करू नये. एसीपीचा दाब जास्त असतो आणि रिव्हॉल्व्हर त्यासाठी बनवलेलं नसतं. सरकारी कारखान्याचं 'अशनी' असो की दुसरं कुठलं बत्तीस बोअरचं पिस्तूल, दुकानात 'बत्तीसची द्या' एवढंच म्हणू नका, 'एसीपी' हा शब्द उच्चारा आणि डब्यावर तो वाचून घ्या. देशी काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं दिसली तर ते पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं आहे असं समजा. तो कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे.

रुळतं म्हणजे नेमकं काय होतं?

बत्तीस बोअरच्या बहुतेक खिशातल्या पिस्तुलांत नळी आणि स्लाईड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, एकमेकांत अडकवलेली नसतात. काडतूस उडालं की दाबानं गोळी पुढे जाते आणि तोच दाब पुंगळीच्या बुडाला मागे रेटतो. पुंगळी स्लाईडला मागे ढकलते. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत स्लाईडला थोपवून धरायला दोनच गोष्टी असतात, तिचं स्वतःचं वजन आणि तिला परत पुढे आणणाऱ्या रिकॉइल स्प्रिंगचा ताण. मग स्लाईड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस ढकलत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या घरात, नेते. हा सगळा फेरा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उरकतो.

पिस्तूल छोटं केलं की स्लाईड हलकी होते. वजन कमी पडलं की भरपाई म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. स्लाईडला मागे जायला जागाही कमी मिळते. म्हणजे गोळीतून आलेला जोर कडक स्प्रिंग दाबण्यात, नव्या खडबडीत खाचांच्या घर्षणात आणि मॅगझिनमधलं काडतूस ढकलण्यात वाटला जातो, आणि शिल्लक फारच थोडी राहते. तेवढ्यात ग्रीस घट्ट झालेलं असेल किंवा मनगट सैल पडलं, तर फेरा अर्धवट राहतो. नवी चप्पल चावते तशी ही सुरुवातीची कुरबुर असते. फरक एवढाच की चप्पल चावली तर पायाला फोड येतो.

घर्षण प्रामुख्यानं तीन ठिकाणी असतं. स्लाईड ज्यावरून सरकते त्या फ्रेमच्या, म्हणजे मुठीसकटच्या सांगाड्याच्या, खाचा, मॅगझिनचे वरचे ओठ आणि आतली स्प्रिंग, आणि काडतूस ज्या उतारावरून चढून चेंबरमध्ये शिरतं तो फीड रॅम्प. चापाची पट्टी आणि घोड्याची, म्हणजे चाप ओढल्यावर पडणाऱ्या हातोडीची, खाच यांनाही रुळायला वेळ लागतो, पण त्यांचा त्रास फार तर चाप जड लागण्यापुरता असतो. नळी रुळवण्याचे जे विधी सांगतात, एक गोळी झाडा, नळी पुसा, परत एक झाडा, ते निशाणेबाजीच्या रायफलवाल्यांना करू द्या. सात मीटरवर वापरायच्या आखूड नळीत त्यानं काही फरक पडत नाही.

टेबलावरचं काम

पहिली गोष्ट, प्रत्येक वेळी न चुकता: आधी मॅगझिन काढा, मग स्लाईड मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्यानं बघा आणि करंगळीचं टोक घालून चाचपा. हा क्रम उलटा झाला की अपघात होतो. आधी स्लाईड ओढली तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं खरं, पण स्लाईड पुढे येताना मॅगझिनमधलं दुसरं काडतूस आत घेऊन येते. मग मॅगझिन काढून माणूस 'खाली केलं', म्हणजे रिकामं केलं, असं म्हणतो आणि चाप ओढतो. घरातल्या कितीतरी दुर्घटना याच दोन हालचालींच्या अदलाबदलीमुळे होतात. काम करताना काडतुसं त्या खोलीतच नकोत आणि नळीचं तोंड रेतीनं भरलेल्या बादलीकडे असू द्या. घरात दारामागे सायकली आणि गच्चीवर मुलं असतात, हे कायम लक्षात असावं.

पिस्तूल उघडायची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, तेव्हा सोबतचं माहितीपत्रक समोर ठेवा. काही जुन्या धाटणीच्या पिस्तुलांत नळी फिरवून खाचेतून सोडवावी लागते, काहींत चापाचं कडं खाली ओढून स्लाईड उचलायची असते. स्लाईड, नळी, स्प्रिंग आणि फ्रेम एवढे चार भाग वेगळे झाले की थांबायचं. फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर मार देणारी सुई), एक्स्ट्रॅक्टर आणि घोड्याची जोडणी घरी उघडायची गरज नाही. त्यातल्या बारीक स्प्रिंगा एकदा उडाल्या की सतरंजीखाली सुद्धा सापडत नाहीत.

आता ते पिवळट-तपकिरी ग्रीस. ते गोदामात गंज धरू नये म्हणून लावलेलं असतं, चालवण्यासाठी नव्हे. जुन्या दातघासणीच्या ब्रशला मिनरल टर्पेंटाइन लावून ते उतरवा. रॉकेल मिळालं तर तेही चालतं. पेट्रोल नको, वाफेला आग लागते. दोन जागा हमखास राहून जातात. स्लाईडच्या आतल्या तोंडावर, काडतुसाच्या बुडाला टेकणाऱ्या सपाट भागात मधोमध एक छोटं भोक असतं. फायरिंग पिनचं टोक तिथून बाहेर येतं. त्या भोकात ग्रीसची गोळी अडकली की पिनचा मार हलका पडतो आणि काडतूस उडत नाही. टूथपिकनं ती काढा आणि स्लाईड तोंडाकडून खाली धरून, टर्पेंटाइनचे दोन थेंब सोडून निथळू द्या. दुसरी जागा एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची. हे नख पुंगळीची कड धरून तिला बाहेर ओढतं. नखाखाली घट्ट ग्रीस असेल तर पकड अर्धीच बसते.

नळी चेंबरच्या बाजूनं साफ करायची. बत्तीस बोअरचा पितळी ब्रश आरपार दहा वेळा न्या, मग सुती कापडाचे तुकडे, पांढरा तुकडा पांढराच बाहेर येईपर्यंत. तोंडाच्या बाजूनं सळई घातली तर नळीच्या टोकाची कड घासते, आणि नेम त्या कडेवरच अवलंबून असतो.

सगळं कोरडं झालं की तेल. शिवणयंत्राचं पातळ तेल यासाठी उत्तम. खोबरेल आणि मोहरीचं तेल स्वयंपाकघरातच राहू द्या, ती काही महिन्यांत चिकट थर धरतात आणि थंडीत खोबरेल तर गोठतं. चारही खाचांत एकेक थेंब, नळीच्या बाहेरच्या अंगावर स्लाईड जिथे घासते तिथे एक, चापाच्या पट्टीच्या सांध्याला एक. बस. चेंबरमध्ये, फायरिंग पिनच्या भोकात आणि मॅगझिनच्या आत तेल नको. चेंबर तेलकट असेल तर पुंगळी भिंतीला धरून राहत नाही आणि स्लाईडवर जास्त मार बसतो. मॅगझिनमधलं तेल हळूहळू काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीत झिरपतं आणि काडतूस मरतं. 'जास्त तेल म्हणजे जास्त काळजी' ही समजूत इतकी पक्की आहे की आपल्याकडची निम्मी पिस्तुलं तेलात बुडवल्यासारखी दिसतात. मग त्यावर लूची धूळ बसते आणि तेलाचं पॉलिश पेपर होतं.

पिस्तूल जोडण्याआधी एक सोपा प्रयोग करा. काळ्या परमनंट मार्करनं चारही खाचा रंगवा, वाळू द्या, मग जोडून स्लाईड वीस वेळा पूर्ण मागेपुढे करा आणि परत उघडून बघा. शाई जिथून निघून धातू चकाकतो, तिथे घासतंय. दोन्ही बाजूंना लांबच लांब, केसासारखी बारीक चकचकीत रेघ दिसली तर जोडणी चांगली आहे. एकाच ठिकाणी गव्हाच्या दाण्याएवढा ठिपका चकाकत असेल, तर तिथे कारखान्यातल्या कापणीची धार, म्हणजे बर, उरली आहे.

आता शाई पुसा, तेलाचे थेंब द्या आणि स्लाईड दीडशे वेळा हातानं चालवा. एका बैठकीत नको, पन्नासपन्नासचे तीन भाग करा. छोट्या पिस्तुलाची स्लाईड ओढणं खरोखर जड जातं, त्यामुळे एक युक्ती ध्यानात ठेवा: डाव्या हातानं स्लाईड घट्ट धरून ठेवायची आणि उजव्या हातानं पिस्तूलच पुढे ढकलायचं. मनगटाच्या जागी खांद्याची ताकद कामाला येते आणि साठीपुढच्या माणसालाही जमतं. पहिल्या पन्नासांनंतर खाचांतलं तेल बोटावर घेऊन बघा. काजळासारखं राखाडी-काळं दिसेल. ती धातूची बारीक भुकटी. पुसा, नवं तेल द्या, पुढचे पन्नास. तिसऱ्या फेरीनंतर तेल जवळजवळ स्वच्छ येतं आणि स्लाईडची करकर कमी होते. परत मार्कर लावून बघा. तो गव्हाचा दाणा पसरून रेघ झाला असेल तर काम झालं. तिथेच ओरखडा पडून नखाला लागत असेल, तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या. स्वतः कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. खाचेत पाव मिलिमीटर जास्त गेलं तर ते परत भरता येत नाही, आणि फीड रॅम्पचा कोन बदलला तर जे पिस्तूल पाच टक्के अडत होतं ते पन्नास टक्के अडायला लागतं.

स्लाईड रात्रभर मागे अडकवून ठेवली की स्प्रिंग 'बसते', असं काही जण सांगतात. स्प्रिंग पहिल्या काही दाबांतच थोडी आखूड होते आणि मग बराच काळ तशीच राहते. रात्रभराच्या तपश्चर्येनं विशेष काही साधत नाही. हातानं केलेले दीडशे फेरे जास्त कामाचे, कारण त्यात खाचाही रुळतात.

कडेत कड अडकते तेव्हा

बत्तीस एसीपीचं एक जन्मजात दुखणं आहे. १९०० च्या आसपास ब्राउनिंगनं हे काडतूस आणलं तेव्हा त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित रुंद ठेवली. अंग सुमारे ८.६ मिलिमीटर, कड ९.१. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण तोच नडतो.

मॅगझिनमधली काडतुसं एकावर एक बसतात. स्लाईड सगळ्यात वरचं काडतूस पुढे ढकलते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असेल तर ते सरळ निघून जातं. ती मागे असेल, तर पुढे सरकताना खालच्याच्या कडेवर अडते आणि दोन्ही काडतुसं एकमेकांत गुंततात. यात स्लाईड कितीही झटकली तरी सुटत नाही. मॅगझिन काढून, काडतुसं हातानं मोकळी करावी लागतात. गरजेच्या क्षणी हे घडलं तर पिस्तूल म्हणजे लोखंडाचा तुकडा.

उपाय भरण्याच्या पद्धतीत आहे. प्रत्येक नवं काडतूस खालच्याला दाबत मागे सरकवताना त्याची कड खालच्या कडेच्या पुढे राहील असं बसवा. सगळी भरून झाल्यावर मॅगझिनच्या बाजूच्या भोकांतून बघा, कडा पायऱ्यांसारख्या दिसायला हव्यात, वरची पुढे, खालची मागे. मग मॅगझिन खिशात टाकून दोन दिवस फिरलात की परत बघा, हादऱ्यांनी ती सरकू शकतात. गोळीचं टोक आखूड असलेलं काडतूस मॅगझिनमध्ये पुढेमागे जास्त हलतं, म्हणून तिथे हा धोका वाढतो. साध्या गोल टोकाच्या, पूर्ण तांब्याच्या आवरणाच्या गोळीवर भरवसा ठेवा, छोट्या पिस्तुलाचा रॅम्पही त्याच आकाराला सरावलेला असतो.

याच्या सरावासाठी नकली काडतुसं घ्या, ज्यांना स्नॅप कॅप म्हणतात. सहा नग पुरे. ती भरायची, स्लाईड ओढून एकेक बाहेर काढायची, परत भरायची. वीस वेळा केलं की मॅगझिनची स्प्रिंगही मऊ पडते आणि शेवटचं काडतूस दाबताना अंगठा पांढरा पडायचा थांबतो. मॅगझिन दोन असतील तर तळाला १ आणि २ असे आकडे कोरा किंवा रंगवा. पुढे अडचण आली की हे आकडे सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. चाप ओढायचा सराव नकली काडतुसावरच करावा. रिकाम्या चेंबरवर वारंवार चाप ओढणं काही पिस्तुलांना चालतं, पण .२२ बोअरला तर अजिबात नाही, तिथे पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते.

मैदानावर

गोळ्या झाडायच्या त्या रायफल क्लबच्या किंवा परवानगी असलेल्या रेंजवरच. आपल्या भागात नवं पिस्तूल 'चालवून बघायला' लोक लग्नाच्या वरातीची वाट बघतात. २०१९ च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीनं हा स्वतंत्र गुन्हा ठरला आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि वर झाडलेली गोळी कुणाच्या तरी गच्चीवर खाली येते, हे तर कायद्याच्याही आधीचं. शेतातलं झाड किंवा विहिरीची भिंत हे सुद्धा मैदान नव्हे.

कानाला मफ, डोळ्याला चश्मा. छोट्या पिस्तुलाचा आवाज मोठ्यापेक्षा टोचरा असतो आणि पुंगळी कधीकधी कपाळाकडे येते. पकड घट्ट आणि वर, पण अंगठा आणि तर्जनीमधली कातडी स्लाईडच्या मागे येऊ देऊ नका. स्लाईड मागे येताना तिथे दोन समांतर चिरा पाडते. दुसरा हात पहिल्याच्या बोटांवर गच्च. मनगट सैल असेल तर पूर्ण पिस्तूलच मागे जातं, स्लाईडला फ्रेमवरून मागे सरकायला आधार मिळत नाही आणि फेरा अपुरा पडतो. नव्या पिस्तुलाची म्हणून सांगितली जाणारी निम्मी तक्रार खरं तर मनगटाची असते.

पन्नास काडतुसं अशी वापरा. पहिल्या पाच वेळा मॅगझिनमध्ये एकच. एक झाडलं की पुंगळी नीट बाहेर पडली का, ते बघायचं. मग पाच वेळा दोन-दोन. यात मुख्य तपासणी ही की एका चापाला एकच गोळी सुटते का. एकदा चाप ओढून दोन सुटल्या, तर लगेच थांबा, पिस्तूल रिकामं करा आणि परत झाडू नका. घोडा अडवणारी खाच नीट धरत नाही आणि हे फक्त आर्मररचं, म्हणजे शस्त्रदुरुस्ती जाणणाऱ्याचं, काम आहे. दोनच भरायचं कारण तेच, सात भरून हे कळलं तर फार उशीर झालेला असतो. अशी पंधरा झाली. आता खाचा पुसून तेलाचे थेंब द्या. उरलेली पस्तीस सातच्या पाच मॅगझिनांत, क्रमांक १ मधून तीन वेळा, २ मधून दोन वेळा, मध्ये साफसफाई न करता. ही पस्तीस न अडता गेली तर पिस्तूल रुळलं असं म्हणता येईल. एकदा जरी अडलं तर कारण शोधून दुरुस्त करा आणि पस्तीसचा हिशेब परत पहिल्यापासून. काडतुसं महाग आहेत, मान्य. पण खिशात ठेवायची ती त्याच गठ्ठ्यातली, त्याच बनावटीची असू द्या, नाहीतर तपासणी एकाची आणि भरवसा दुसऱ्यावर असं होतं.

पुंगळ्या गोळा करा. पुढच्या खरेदीच्या वेळी हिशेब विचारला जाऊ शकतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुंगळी बरंच काही सांगते. टोपीवरची खूण मधोमध आणि खोल असावी. उथळ असेल तर पिनच्या भोकात अजून ग्रीस आहे किंवा स्लाईड पूर्ण बंद न होताच घोडा पडतोय. कडेवर ओरबाडल्याची खोल खूण असेल तर एक्स्ट्रॅक्टरचं नख धारदार आहे. बुडाजवळ एका बाजूला फुगवटा दिसला तर ते पिस्तूल पुढे वापरायचं नाही, थेट दुकानात.

काय अडतं आणि का

रिकामी पुंगळी स्लाईडच्या खिडकीत, बाहेर पडायच्या जागीच, धुराड्यासारखी उभी अडकते. स्लाईड पुरेशी मागे गेली नाही. आधी मनगट बघा, मग तेल, मग काडतुसाची बनावट. एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर (पुंगळीला बाहेर उडवणारा भाग) सगळ्यात शेवटी.

स्लाईड शेवटचे दोन-तीन मिलिमीटर उघडी राहते. हे नव्या पिस्तुलात सर्रास होतं. कारण बहुधा खाचांतली कोरड, चेंबरमधलं ग्रीस किंवा काडतूस भरताना स्लाईड हातानं हळूच सोडणं. स्लाईड पूर्ण मागे ओढा आणि हात काढून घ्या, स्प्रिंगला तिचं काम करू द्या. पुढून अंगठ्यानं ढकलून बंद करायची सवय लावू नका, बोट नळीच्या तोंडापुढे येतं.

काडतुसाचं नाक रॅम्पवर आपटून थांबतं. दोन्ही मॅगझिनांतून होतं का बघा. फक्त एकातूनच होत असेल तर त्याचे ओठ वाकलेत, नवं मॅगझिन घ्या. पक्कडनं ओठ वाकवायचा मोह आवरा. दोन्हींतून होत असेल तर रॅम्प किंवा स्प्रिंग. एका वेळी एकच गोष्ट बदला. मॅगझिन, काडतूस आणि तेल एकदम बदललं तर अडचण गेली तरी कशानं गेली ते कळत नाही.

चाप ओढला आणि नुसती टिक झाली, तर नळी समोरच्या बांधाकडे धरून तीस सेकंद थांबा. टोपी उशिरा पेट घेऊ शकते. मग काडतूस काढा. पण 'टिक' ऐवजी 'फुस्स' असा दबका आवाज आला आणि धक्का जाणवला नाही, तर परिस्थिती वेगळी आहे. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. पिस्तूल रिकामं करा, उघडा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. दिसला नाही तर दिवस संपला.

खिशात आणि कपाटात

पिस्तूल खिशात बसणाऱ्या होल्स्टरमध्येच, म्हणजे म्यानातच ठेवा, चापाचं कडं पूर्ण झाकणाऱ्या. त्या खिशात दुसरं काही नको, किल्ल्या नको, नाणी नको, सुपारीची डबी तर नकोच. कुर्त्याचा सैल खिसा यासाठी नाही, वाकलं की पिस्तूल बाहेर. जुन्या धाटणीच्या बऱ्याच पिस्तुलांत पिन अडवणारी यंत्रणा नसते आणि पडल्यावर ती उडू शकतात. माहितीपत्रकात ही यंत्रणा स्पष्ट लिहिलेली नसेल तर चेंबर रिकामं ठेवूनच बाळगा.

मे-जूनमध्ये इथे पारा ४५ च्या पुढे जातो. घामातलं मीठ आठवड्याभरात स्लाईडवर तांबूस ठिपके उठवतं. रोज बाळगत असाल तर रोज कोरड्या कापडानं पुसा, पंधरा दिवसांनी उघडून खिशातला कापसाचा भुसा काढा. तो खाचांत आणि रॅम्पवर तेलाशी मिळून वातीसारखा होतो. गाडीच्या डॅशबोर्डात काडतुसं ठेवू नका. कपाटात ठेवताना चामड्याच्या होल्स्टरमधून बाहेर काढा, पावसाळ्यात चामडं ओल धरतं. सिलिका जेलच्या दोन पुड्या, कुलूप, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात.

मग निवडणूक येते आणि शस्त्र जमा करायचा हुकूम निघतो. ग्वाल्हेरच्या परवानाधारकांना हे नवं नाही. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळीला आतून तेलाचा पातळ हात द्या, मॅगझिन रिकामं करा, पावतीवर पिस्तुलाचा क्रमांक स्वतः वाचून ताडा. नळीत कापडाचा बोळा घालू नका. दोन महिन्यांनी कुणालाच तो आठवत नाही, आणि आत ओल धरून बोळ्याखालीच गंज चढतो. परत मिळाल्यावर थेट भरून खिशात घालायचं नाही. रिकामं करून, उघडून, नळी सुटी करा. चेंबरच्या बाजूला पांढरा कागद धरा आणि तोंडाच्या बाजूनं आत बघा. तेलाचा थर पुसल्यावर नळीतल्या पीळदार खाचा सलग, चकचकीत वळत गेलेल्या दिसल्या तर ठीक. मिरपूड सांडल्यासारखे ठिपके दिसले तर पितळी ब्रश आणि तेल, बहुतेक निघतात. पण आत कुठे अंगठीसारखं गडद वर्तुळ दिसलं, तर तिथे नळी फुगली आहे. ते पिस्तूल झाडायचं नाही, पावती घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जायचं.